पूर्वांग खोटं असताना जर-तर विधान खरं का धरतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पारोळ्याला बारावी सायन्सच्या शिकवणीत तुम्ही गणिताच्या पुस्तकातला पहिलाच पाठ, मॅथेमॅटिकल लॉजिक, घेत होतात. 'आणि', 'किंवा', 'नाही' यांची कोष्टकं मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतली. 'जर अ तर ब'चं कोष्टक फळ्यावर आलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हाई खरं कसं शे?" दोन्ही बाजू खोट्या, तरी आख्खं विधान खरं, हे त्या मुलाला पटेना. तुम्ही "व्याख्याच तशी आहे" म्हणून पुढे गेलात. आता तुम्ही विचारताय की यामागे काही कारण आहे, की हे पाठच करायचं असतं.

कारण आहे, आणि ते बारावीच्या मुलाला समजेल असं आहे. मी धुळे जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला बरीच वर्षं गणित शिकवलं, मध्ये काही काळ कला शाखेला तर्कशास्त्रही शिकवलं. हा प्रश्न विचारणारा मुलगा मला नेहमी आवडत आला आहे. उरलेल्या वर्गाने कोष्टक पाठ केलेलं असतं, त्याने ते वाचलेलं असतं. त्याला उत्तर मिळायलाच हवं.

'जर अ तर ब' यातल्या अ ला पूर्वांग म्हणतात आणि ब ला उत्तरांग. कोष्टक एकदा समोर ठेवू.

अ | ब | जर अ तर ब
खरं | खरं | खरं
खरं | खोटं | खोटं
खोटं | खरं | खरं
खोटं | खोटं | खरं

पहिल्या दोन ओळींबद्दल कुणी भांडत नाही. तिसरी-चौथी ओळ आली की भांडण सुरू होतं. मुलगा म्हणतो, अ घडलंच नाही, मग विधान खरं ठरलं कुठे? त्याच्या डोक्यात 'खरं ठरणं' म्हणजे पुरावा मिळणं. शिवाय बोलताना आपण जर-तरमध्ये आणखी बरंच काही बांधून देतो. अ मुळे ब होतं, आधी अ होतं मग ब होतं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे सगळं न सांगता सांगितलेलं असतं. कोष्टकाला यातलं काहीच दिसत नाही. ते अ आणि ब खरे की खोटे एवढंच पाहतं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: अशा परिस्थितीत हे विधान मोडलं का? मोडलं असेल तर खोटं, मोडलं नसेल तर खरं.

वर्गात मी हाच प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो: 'मोडलं का?' 'हे खरं आहे का?' असं विचारलं की मुलं पुरावा शोधतात आणि तिसऱ्या ओळीवर अडकतात. 'मोडलं का?' विचारलं की तीच मुलं चटकन उत्तर देतात.

आपल्याकडची मुलं कापसात वाढलेली असतात, म्हणून मी सुरुवात तिथून करायचो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलाव्याचे आकडे ठरलेले आहेत. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ च्या मध्ये असला तर त्या प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर गेला तर खरेदी नाही. ही शेवटची अट आपण विधान म्हणून घेऊ: 'जर गाडीतल्या कापसाचा ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ती गाडी परत जाते.' आता खरेदी केंद्रावरून एका दिवसात गेलेल्या गाड्या डोळ्यांसमोर आणा.

एका गाडीचा ओलावा १४ निघाला आणि ती परत गेली. विधान टिकलं. दुसऱ्या गाडीचाही १४ निघाला, तरी तिचा कापूस घेतला. विधान मोडलं, केंद्रप्रमुख काहीही म्हणोत. तिसऱ्या गाडीचा ओलावा १० होता, तरी ती परत गेली, कारण कापूस पिवळा पडलेला होता आणि त्यात कवडी, म्हणजे किडक्या बोंडातला कापूस, मिसळलेली होती. आता विचारा, आपलं विधान मोडलं का? विधान १२ च्या वरच्या गाड्यांबद्दल बोलत होतं. १० वाली गाडी कशामुळे परत जाईल किंवा जाणार नाही, याबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही. म्हणून ते मोडलं नाही. चौथ्या गाडीचा ओलावा ९, कापूस घेतला. इथेही मोडण्याचा प्रश्न येत नाही. याच चार गाड्या म्हणजे कोष्टकाच्या चार ओळी. मागच्या बाकावरच्या मुलाला चौथी ओळ खटकते, पण चौथी गाडी त्याला अजिबात खटकणार नाही. ९ टक्के ओलाव्याचा कापूस घेतला म्हणून १२ टक्क्यांची अट खोटी ठरली, असं कुठलाही शेतकरी म्हणणार नाही.

हे पक्कं करायला चार चिठ्ठ्यांचा खेळ करा. प्रत्येक चिठ्ठीच्या एका बाजूला ओलावा लिहा, दुसऱ्या बाजूला 'घेतला' किंवा 'परत'. चारही टेबलावर ठेवा. वर दिसेल: १४, ९, परत, घेतला. मग विचारा, केंद्राने ती अट पाळली की नाही हे तपासायला कमीत कमी कोणत्या चिठ्ठ्या उलटाव्या लागतील? १४ ची उलटावी लागते, कारण मागे 'घेतला' निघालं तर अट मोडली. 'घेतला' लिहिलेली उलटावी लागते, कारण मागे १३ किंवा १५ निघालं तर अट मोडली. ९ ची उलटण्यात अर्थ नाही, मागे काहीही असलं तरी चालतं. 'परत' लिहिलेलीही उलटण्यात अर्थ नाही. जी चिठ्ठी उलटून काही बिघडूच शकत नाही, तिथे विधान खरंच राहणार. तिसरी आणि चौथी ओळ यातूनच आली आहे, हे मुलांच्या हाताला कळतं.

हा प्रयोग मुळात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा, १९६६ सालचा. त्यांच्या पत्त्यांवर अक्षरं आणि आकडे होते. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. समोर ई, के, ४ आणि ७ असे चार पत्ते. बरोबर उत्तर ई आणि ७. बहुतेक शिकल्यासवरलेले लोक ई आणि ४ निवडत होते, ७ कडे फारच थोड्यांचं लक्ष गेलं. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी अमेरिकेतल्या फ्लोरिडात हाच खेळ वेगळ्या कपड्यात मांडला: बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर असलं पाहिजे, तर तपासणी कुणाची कराल? या वेळी जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं. म्हणून शिकवणाऱ्याने आधी ओळखीची अट घ्यावी आणि अक्षरं नंतर आणावीत. पहिल्याच दिवशी कोरे अ आणि ब फळ्यावर मांडले की हुशार मुलंसुद्धा चकतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हा पाठ शिकवताना बऱ्याच जणांच्या तोंडी आई-वडिलांनी दिलेल्या शब्दाचं उदाहरण असतं: 'तू पहिला आलास तर तुला सायकल घेऊन देईन.' मुलगा पहिला आला नाही, तरी वडिलांनी सायकल घेतली, शब्द मोडला का? मोडला नाही. उदाहरण चुकीचं नाही, पण मुलांच्या मनात त्यातून आणखी एक गोष्ट शिरते. असा शब्द ऐकताना आपण 'पहिला आलास तरच' असं ऐकतो. नाही आलास तर सायकल विसर, हे वडिलांनी उच्चारलेलं नसतं, तरी ते घरात सगळ्यांना कळलेलं असतं. त्यामुळे तिसऱ्या ओळीवर मुलं पुन्हा अडखळतात. कापसाच्या अटीत हा घोळ होत नाही, कारण कमी ओलाव्याचा मालही दुसऱ्या कारणाने परत जातो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तुम्हाला दुसरं उदाहरण घ्यायचं असेल तर असंच घ्या, ज्यात ब घडायला अ शिवाय आणखी कारणं असतात.

इथपर्यंत पटलं तरी हुशार मुलगा पुढचा प्रश्न काढतोच. "ठीक आहे सर, मोडलं नाही. पण मग 'खरं' का लिहायचं? 'लागू नाही' असं लिहू ना." प्रश्न रास्त आहे. तीन मूल्यांची तर्कपद्धती असते, पोलंडच्या लुकासिएविच यांनी १९२० मध्ये ती मांडली. पण आपल्या पाठात आपण आधीच ठरवलेलं आहे की विधान एक तर खरं असतं, नाही तर खोटं. तिसरा कप्पा नाही. तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत काही तरी भरायलाच हवं, आणि भरण्याचे मार्ग मोजून चार आहेत. चारही फळ्यावर करून दाखवा.

दोन्ही ओळींत 'खोटं' भरलं तर रकाना असा होतो: खरं, खोटं, खोटं, खोटं. हे तर 'अ आणि ब'चं कोष्टक झालं. म्हणजे 'ओलावा जास्त असेल तर गाडी परत जाते' म्हणणं आणि 'ओलावा जास्त आहे आणि गाडी परत गेली' म्हणणं एकच झालं. ते एक नाही, हे लहान मूलही सांगेल.

तिसऱ्या ओळीत 'खोटं' आणि चौथ्या ओळीत 'खरं' भरलं तर रकाना होतो: खरं, खोटं, खोटं, खरं. हे दोन्ही बाजूंनी बांधलेलं 'अ असेल तर आणि तरच ब', ज्याला पुस्तकात दुहेरी बाण दिलेला आहे. ते घेतलं तर कवडीमुळे परत गेलेली गाडी ओलाव्याची अट मोडते, असं म्हणावं लागेल.

तिसऱ्या ओळीत 'खरं' आणि चौथ्या ओळीत 'खोटं' भरलं तर रकाना होतो: खरं, खोटं, खरं, खोटं. आता ब चा रकाना पहा. तोही हुबेहूब हाच आहे. म्हणजे अ असून नसल्यासारखा झाला, 'जर' म्हटलं काय आणि न म्हटलं काय.

उरला चौथा मार्ग, दोन्हीकडे 'खरं'. तोच पुस्तकात आहे. माझ्या अनुभवात गणिताची आवड असलेल्या मुलांना ही वजाबाकी सगळ्यात जास्त पटते. दुसरा कुठलाही पर्याय निवडला तर जर-तर विधान कुठल्या तरी दुसऱ्याच विधानात विरघळून जातं, हे ते स्वतः करून पाहतात. 'व्याख्याच तशी आहे' या तुमच्या वाक्याला यातून आधार मिळतो. व्याख्या आहे हे खरं, पण दुसरी व्याख्या केली असती तर जर-तरला स्वतःची जागाच उरली नसती.

सायन्सच्या मुलांसाठी आणखी एक दाखला हाताशी ठेवा. मला स्वतःला तो सगळ्यांत मजबूत वाटतो. वर्गाला विचारा: 'कोणतीही नैसर्गिक संख्या घ्या, ती ४ ने विभाज्य असेल तर २ ने विभाज्य असते', हे खरं की खोटं? सगळे एका आवाजात खरं म्हणतील. 'कोणतीही' हा शब्द त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घ्या. मग वहीत ४ पासून पुढच्या संख्या लिहायला सांगा आणि प्रत्येकीसमोर दोन खुणा: ४ ने जाते का, २ ने जाते का. ४ आली: हो, हो. ५ आली: नाही, नाही. ६ आली: नाही, हो. ७: नाही, नाही. ८: पुन्हा हो, हो. 'हो, नाही' कुठे येतच नाही, आणि कितीही पुढे गेलं तरी येणार नाही. आता विचारा, विधान कोणत्याही संख्येसाठी खरं आहे असं तुम्हीच म्हणालात ना? मग ६ साठी ते खरं असलंच पाहिजे. ७ साठीही. ६ ही तिसरी ओळ आहे, ७ ही चौथी. त्या ओळींत 'खोटं' लिहिलं तर 'कोणतीही संख्या' हे शब्द मागे घ्यावे लागतील, आणि मग गणितातलं एकही प्रमेय उभं राहणार नाही. पायथागोरसचं प्रमेयसुद्धा 'त्रिकोण काटकोन असेल तर' असंच सुरू होतं. समोर लघुकोन त्रिकोण आला म्हणून ते खोटं पडत नाही.

रिकामा संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो, हेही याच ओळींवर उभं आहे. 'एखादा घटक रिकाम्या संचात असेल तर तो दुसऱ्या संचातही असतो', यातलं पूर्वांग कधी खरं होतच नाही, म्हणून विधान कधी मोडत नाही. अकरावीला मुलांनी हे मान्य केलेलं असतं. त्याची आठवण करून द्या.

तुमच्या मुलांना आपल्या परंपरेतला दाखला द्यायचा असेल तर न्यायदर्शनातला धूर आणि अग्नी घ्या. पारोळ्याहून अमळनेर जवळच. १९१६ साली प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं, त्यामुळे 'तर्कशास्त्र म्हणजे परदेशी भानगड' असं आपल्या भागातल्या मुलांनी तरी समजायचं कारण नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. या एका वाक्याभोवती त्यांनी जी उदाहरणं पिढ्यान्‌पिढ्या वापरली, ती आपल्या कोष्टकाच्या ओळींत नेमकी बसतात. स्वयंपाकघर: धूर आहे, अग्नी आहे. ही पहिली ओळ. लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा: धूर नाही, अग्नी आहे. ही तिसरी. तळं: धूर नाही, अग्नीही नाही. ही चौथी. दुसऱ्या ओळीसाठी, म्हणजे धूर आहे पण अग्नी नाही, असं एकही उदाहरण त्यांच्याकडे नाही. असतं तर ते वाक्यच टाकून द्यावं लागलं असतं. तळ्याचं उदाहरण ते व्यतिरेक म्हणून मुद्दाम देतात: जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही. आपण ज्याला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतो, त्याची रचना हीच.

तापलेल्या लोखंडाचा गोळा त्यांनी आणला तो उलटं वाक्य चुकीचं आहे हे दाखवायला. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खरं नाही. ते खरं व्हायला सरपण ओलं असावं लागतं, ही अट तेच घालतात. आपल्याकडे हिवाळ्यात भरिताची वांगी काड्यांवर भाजताना प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. ओलसर काड्या टाकल्या की डोळ्यांतून पाणी काढणारा धूर, काड्या जळून निखारे झाले की धूर बंद, आणि वांगी मात्र भाजतच असतात. विधान आणि त्याचा व्यत्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा नीट मला तरी सांगता येत नाही. एक खुलासा मात्र प्रामाणिकपणे करा. नैयायिकांची व्याप्ती, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' असा नियम, आणि आपलं कोष्टक एकच नव्हे. त्यांना धूर आणि अग्नी यांच्यात कायमचं साहचर्य हवं असतं, कोष्टकाला नुसती खऱ्या-खोट्याची जोडी पुरते. ओळी जुळतात, सिद्धान्त एक नाहीत.

आता तुमच्या मुलाच्या बाजूने बोलतो, कारण त्याच्या शंकेत अर्धं सत्य आहे. कोष्टकाप्रमाणे 'जर तापी बंगालच्या उपसागराला मिळत असेल तर २ अधिक २ म्हणजे ५' हे विधान खरं. 'जर २ अधिक २ म्हणजे ४ तर तापी अरबी समुद्राला मिळते' हेही खरं. दोन्ही वाक्यं रोजच्या बोलण्यात कुणी उच्चारणार नाही. हा वाद काल-परवाचा नाही. फिलो नावाच्या ग्रीक तर्कज्ञाने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हीच व्याख्या मांडली: पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं असेल तेवढ्यापुरतं जर-तर खोटं, एरवी खरं. त्याचा गुरू डायोडोरस याला ती मान्य नव्हती. तो म्हणे, पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं असं आधी कधी शक्य नसलं पाहिजे आणि आताही शक्य असता कामा नये. हा वाद इतका गाजला की कॅलिमाकस या कवीने लिहून ठेवलं, छपरावरचे कावळेसुद्धा कोणतं जर-तर खरं यावर काव काव करताहेत. पुढे गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये आधुनिक तर्कशास्त्राचा पाया घातला तेव्हा फिलोच्या व्याख्येशी जुळणारीच व्याख्या घेतली. आज आपण आखतो तशा कोष्टकांची पद्धत १९२१ च्या सुमारास एमिल पोस्ट आणि लुडविग विट्गेनश्टाइन यांच्या लेखनातून रूढ झाली. अमेरिकेत सी. आय. लुईस यांना मात्र हा सैल संबंध पसंत नव्हता, म्हणून त्यांनी जास्त कडक जर-तरची वेगळी पद्धत बांधली.

'पाऊस झाला असता तर कपाशी आली असती' अशा वाक्याला तर हे कोष्टक लावूच नका. पाऊस झालेला नाही हे बोलणाऱ्याला माहीत आहे. कोष्टकाने पाहिलं तर 'पाऊस झाला असता तर कपाशी आली नसती' हेही तितकंच खरं ठरेल, आणि ते साफ चुकीचं आहे. न घडलेल्या गोष्टींबद्दलच्या जर-तरचा हिशोब वेगळा करावा लागतो. रॉबर्ट स्टॉलनेकर यांनी १९६८ मध्ये आणि डेव्हिड लुईस यांनी १९७३ मध्ये तो 'शक्य जगं' कल्पून केला. बारावीला त्याची गरज नाही. पण मुलाने विचारलं तर 'कोष्टक गणितातल्या विधानांसाठी आहे, रोजच्या बोलण्यातल्या प्रत्येक जर-तरसाठी नाही' एवढं सांगायला कचरू नका. हे ऐकल्यावर मुलाचा कोष्टकावरचा राग निवळतो. आपलं काही चुकत नव्हतं, हे त्याला कळतं.

किती सांगायचं हे वर्ग पाहून ठरवा. परीक्षा तोंडावर असेल तर कापसाच्या चार गाड्या आणि ४-२ ची संख्यांची यादी पुरे. तासभर मोकळा असेल तर चार पर्यायांची वजाबाकी करा. फिलो आणि कावळे मी शनिवारच्या सकाळच्या तासाला ठेवायचो.

आता परीक्षेपुरतं. जर-तरचा रकाना भरताना मुलांना ओळीओळीने विचार करायला लावू नका. डावीकडे खरं आणि उजवीकडे खोटं अशा ओळी आधी शोधायच्या, तिथे खोटं लिहायचं, बाकी सगळीकडे डोळे मिटून खरं. दोन अक्षरं असतील तर ४ ओळी, तीन असतील तर ८. पहिल्या अक्षराखाली अर्ध्या ओळी खऱ्या आणि अर्ध्या खोट्या, दुसऱ्याखाली त्याच्या निम्म्या अंतराने, तिसऱ्याखाली एक सोडून एक. कंस असतील तर आतल्या कंसाचा रकाना आधी. मुलं वेळ वाचवायला आतला रकाना मनात करतात आणि तिथेच चुकतात. तो लिहायलाच लावा.

'तरच' आलं की बाण कुठे वळतो, याकडे मात्र जास्त वेळ द्या. 'पाणी मिळालं तरच केळी येते' म्हणजे 'केळी आली असेल तर पाणी मिळालेलं आहे'. नुसतं पाणी देऊन केळी येत नाही, खत लागतं, करपा आवरावा लागतो, हे रावेर-यावलकडच्या मुलांना सांगावं लागत नाही. बाण केळीकडून पाण्याकडे जातो, पाण्याकडून केळीकडे नाही. 'पाण्याशिवाय केळी येत नाही' याचाही अर्थ तोच.

दुसरी हमखास चूक नकार देताना होते. 'जर अ तर ब'चा नकार मुलं 'जर अ तर ब नाही' असा लिहितात. कोष्टकात पाहिलं तर मूळ विधान एकाच ओळीत खोटं आहे, म्हणून त्याचा नकार त्या एकाच ओळीत खरा असला पाहिजे. ती ओळ म्हणजे 'अ खरं आणि ब खोटं'. म्हणजे नकारात जर-तर उरतच नाही, 'अ आणि ब नाही' असं होतं. वर्गात असं विचारा: कुणी म्हणालं, 'हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्या गावात पाणी शिरतं', तर त्याला खोटं पाडायला काय दाखवाल? दरवाजे उघडले नाहीत तो दिवस दाखवून उपयोग नाही. ज्या दिवशी दरवाजे उघडले आणि गाव कोरडं राहिलं, असा एक दिवस दाखवावा लागतो. एकच पुरतो.

शेवटी घरी करायला एक प्रश्न द्या, कारण कोष्टक समजलं की नाही हे यावरून नेमकं कळतं. एक मुलगा म्हणतो: '१२ च्या वर ओलावा असेल तर गाडी परत जाते. ही गाडी परत आली आहे. म्हणजे ओलावा १२ च्या वर होता.' हे बरोबर का? दोन अक्षरं, चार ओळी. '(जर अ तर ब) आणि ब' याचा रकाना करायचा, मग 'जर ते तर अ' असा शेवटचा रकाना. शेवटच्या रकान्यात सगळीकडे खरं आलं तर तर्क बरोबर, एका ओळीतही खोटं आलं तर तर्क चूक. तिसऱ्या ओळीत खोटं येतं. अ खोटं, ब खरं: ओलावा कमी, गाडी परत. मग त्याच मुलाला विचारा की त्या ओळीतली गाडी परत कशामुळे आली असेल.